लस टाकली, पण पोचली का?

वाचकाचं पत्र

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

आम्ही मोहोळ तालुक्यातले. मालक सोलापुरात यंत्रमागावर जातात, शेड मी आणि सासूबाई बघतो. कंपनीशी करार नाही. पिल्लं, खाद्य, औषध सगळं आमच्या पैशानं. आधीच्या दोन बॅच बऱ्या गेल्या. एप्रिलमध्ये २००० ब्रॉयलर पिल्लं टाकली. सातव्या दिवशी दुकानातला पोरगा येऊन डोळ्यात लासोटाचे, म्हणजे राणीखेतच्या लसीचे, थेंब टाकून गेला, एकट्यानं पाऊण तासात सगळं उरकलं. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची आणि एकविसाव्या दिवशी परत लासोटाची लस मी स्वतः पाण्यातून दिली. बाटल्या मालकांनी आदल्या दिवशी सोलापूरहून येताना डब्याच्या पिशवीतून आणल्या. घरी फ्रिज आहे, पण लाईटीचा भरवसा नाही. सकाळचं आवरून अकराच्या सुमाराला ५०० लिटरच्या टाकीत बाटल्या ओतल्या, काठीनं ढवळलं. पाणी ग्रामपंचायतीच्या नळाचं.

एकोणिसाव्या दिवशी पिल्लं पंख फुगवून बसायला लागली. पांढरी पातळ हगवण, ३०-४० गेली, चार-पाच दिवसांत बाकीची सावरली. आम्हाला वाटलं, ऊन लागलं. पण सत्ताविसाव्या दिवसापासून तोंड उघडून घरघर, हिरवी हगवण, आणि मग माना वाकड्या. मान पिळून पाठीवर टाकायच्या आणि जागेवर गोल फिरायच्या. दुकानदारानं अँटिबायोटिक दिलं, पाच दिवस पाजलं, काडीचा फरक नाही. सगळ्या मिळून ४१० गेल्या. उरलेल्या व्यापाऱ्यानं पडत्या भावानं नेल्या.

सासूबाई म्हणतात, लसीनंच रोग आणला, आमच्या वेळी गावरान कोंबड्यांना कोण लस देत होतं? दुकानदार म्हणतो, पुढच्या वेळी डबल डोस टाका, नाहीतर आर-टू-बी लस टोचा. मला तर रात्री झोप लागत नाही. चूक लसीची का माझी? गटारी धरायची म्हणून आठवड्याभरात पुढची पिल्लं टाकायचा विचार आहे.

— एक कोंबडीपालक, मोहोळ तालुका

उत्तर

ताई, पिल्लांची ऑर्डर दिली असेल तर आधी फोन करून ती पुढं ढकला, मग हे वाचायला बसा. कारण शेवटी सांगतो.

पत्रावरून रोग ओळखणं म्हणजे झाकलेल्या टोपलीतली भाजी वासावरून ओळखण्यासारखं. मेलेली कोंबडी फाडून बघितली असती तर खात्रीनं बोललो असतो. तरी तुम्ही लिहिलेलं इतकं नीट आहे की मला दोन रोग दिसतात, एक नाही. सत्ताविसाव्या दिवसानंतरचा तो मानमोडी, म्हणजे राणीखेत. घरघर, हिरवी हगवण, मागोमाग पिळलेली मान, ही त्याची जुनी ओळख आहे आणि नावही त्यावरूनच पडलंय. पण त्याच्या आधी, एकोणिसाव्या दिवशी पंख फुगवून बसणं, पांढरी हगवण, चार-पाच दिवस मर आणि मग आपोआप ओसरणं, हे मला उन्हाचं वाटत नाही. उन्हानं कोंबडी दुपारी मरते, धापा टाकत, आणि संध्याकाळी गार झालं की मर थांबते. अशी एकदम चढून आठवड्यात उतरणारी मर, तीही तीन आठवड्यांच्या आसपासच्या पिल्लांत, ही गंबोरोची चाल. गंबोरोनं दार उघडलं आणि मानमोडी आत आली, असा माझा अंदाज आहे.

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण सगळी मेख तिथंच आहे. पिल्लाच्या गुदद्वाराच्या वरच्या बाजूला आत एक छोटी पिशवी असते. फॅब्रिशियसची पिशवी म्हणतात तिला. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथं तयार होतात. पिल्लाची तालीमच म्हणा ना. गंबोरोचा विषाणू नेमका या तालमीवर घाला घालतो. पिल्लू तीन आठवड्यांच्या आतलं असेल तर नुकसान जास्त, कारण तालमीत अजून पैलवान तयार व्हायचे असतात. वरून पिल्लू बरं झालेलं दिसतं, दाणा खातं, पण पुढं दिलेल्या कुठल्याही लसीला त्याचं शरीर धड उत्तर देत नाही. आणि तुम्ही एकविसाव्या दिवशी लासोटा दिली, म्हणजे नेमकी पिल्लं आजारी असताना. कॅलेंडरवर तारीख आली म्हणून दिली. ताई, लस निरोगी पिल्लाला द्यायची असते. कळप मलूल दिसला तर त्या दिवशीची लस थांबवायची आणि आधी डॉक्टरला दाखवायचं.

आता सासूबाईंचं. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि विचारा, त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात एखाद्या वर्षी अख्ख्या गावातल्या कोंबड्या आठ दिवसांत साफ झाल्याचं आठवतं का. त्यांना आठवेल. आमच्या भागातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला आठवतं. 'कोंबड्यांना मर आली' एवढंच म्हणायचे आणि उरलेल्या कापून खायचे. ती मर म्हणजे बहुतेक वेळा हाच रोग. लस नव्हती म्हणून कोंबड्या तगत होत्या असं नाही. दहा मरायच्या, दोन उरायच्या, त्या दोनांची पिल्लं पुन्हा अंगणात फिरायची, आणि आपल्याला त्या फिरणाऱ्याच आठवतात. इंग्लंडातल्या न्यूकॅसलमध्ये हा रोग १९२६ साली नोंदला गेला आणि जवळपास त्याच सुमाराला आपल्याकडं कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला. त्या बिचाऱ्या थंड हवेच्या गावाला उगाच कायमचा बट्टा लागला. गंबोरोचंही तसंच, ते अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या एका गावाचं नाव. लासोटा तर न्यू जर्सीतल्या एका कुक्कुटपालकाचं आडनाव, त्याच्या फार्मवर मिळालेल्या सौम्य विषाणूपासून ही लस झाली.

सौम्य विषाणू म्हटलं की सासूबाई म्हणतील, बघ, म्हणजे रोगच घातला की! त्यांच्या बोलण्यात एक धागा खरा आहे. लासोटा ही जिवंत लस आहे. दिल्यावर तीन ते पाच दिवसांनी पिल्लं थोडी शिंकतात, डोळे जरा पाणावतात, दोन-तीन दिवसांत थांबतं. शेडमध्ये अमोनियाचा वास कोंदला असेल, खाली अंथरलेलं तूस ओलं असेल, तर हे शिंकणं लांबतं. पण लासोटानं मान पिळत नाही. मान पिळते ती बाहेरून आलेल्या रानटी विषाणूनं. दिलेली लस अंगात पोचली असती तर त्याची एवढी हिंमत झाली नसती.

आणि इथंच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. लसीची चूक नाही. तुम्ही ती दिलीत यातही चूक नाही. तुम्ही टाकीत टाकलीत, पण पिल्लाच्या घशापर्यंत ती जिवंत पोचलीच नाही. तुमच्याच पत्रातून मी तिचा प्रवास मोजला.

पहिला घोटाळा एप्रिलच्या दुपारी डब्याच्या पिशवीत झाला. सोलापूरचा एप्रिल आपल्याला माहीत आहे, ४० अंशाच्या पुढं पारा. ही लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. मालक माग सुटल्यावर थेट निघाले तरी मोहोळपर्यंत एसटीत, मग फाट्यावरून गावापर्यंत, बाटलीतला विषाणू अर्धमेला झालेला. वर रात्री लाईट गेली असेल तर फ्रिजही कपाटासारखाच. दुसरा घोटाळा पाण्याचा. पंचायतीच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर असते. तिचं कामच विषाणू-जंतू मारण्याचं. ती रोगाचा विषाणू कुठला आणि लसीतला कुठला असा पंक्तिभेद करत नाही. बाटली टाकीत ओतल्याक्षणी उरलासुरला विषाणूही तिथंच संपला. पिल्लांना तुम्ही नुसतं ढवळलेलं पाणी पाजलंत, असं म्हटलं तरी चालेल.

तिसरा घोटाळा ५०० लिटरचा, आणि तो फार जण करतात. एकवीस दिवसांची २००० पिल्लं उन्हाळ्यात दिवसभरात चारशे लिटरच्या आसपास पाणी पितात. म्हणजे तुमची टाकी त्यांना संध्याकाळपर्यंतही संपली नाही. पाण्यात कालवलेली लस दोन तासांच्या आत पोटात जायला हवी. नंतर तिच्यात दम राहत नाही, त्यात अकराचं ऊन आणि तापलेली टाकी. जे पिल्लू दुपारी तीनला प्यायलं त्याला काय मिळालं असेल?

हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. माझी नोकरी नवी असताना सांगोला तालुक्यातल्या एका वाडीवर मी थर्मास घेऊन लसीकरणाला गेलो होतो. मे महिना. थर्मासचं झाकण सैल होतं, बर्फाचं कोमट पाणी झालेलं, आणि मी लिंबाखाली चहा घेत गप्पा मारत बसलो. मग ऐटीत शंभरेक कोंबड्यांना थेंब टाकले, रजिस्टरला आकडा भरला. महिन्याभरात त्या वाडीवर मर लागली. परत गेलो तेव्हा एक आजी म्हणाली, "डॉक्टर, तुमची लस उन्हानं करपली व्हती." मला जे कॉलेजात पाच वर्षांत उमगलं नव्हतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं. रजिस्टरातला आकडा मात्र अजून तिथंच असेल.

तर पुढच्या वेळी काय करायचं. आधी बाटली. दुकानात गेल्यावर फ्रिज उघडून दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही. त्यात थंड पेयाच्या बाटल्या आणि लसी एकत्र कोंबलेल्या असतील तर दुसरं दुकान बघा. बाटलीवरची मुदत आणि बॅच नंबर वहीत लिहा. रुंद तोंडाच्या थर्मासात बर्फ, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या बाटल्या, असं आणायचं. फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात ठेवायच्या नाहीत. दार उघडझाप करताना सगळ्यात जास्त तापतो तो दाराचा कप्पाच. वर बर्फाच्या कप्प्यात पाण्याच्या दोन-तीन बाटल्या गोठवून ठेवा, लाईट गेली तर त्या मधल्या कप्प्यात लसीशेजारी ठेवायच्या आणि दार उघडायचं नाही. शक्यतो लस द्यायच्या आदल्या संध्याकाळीच आणा, आठवडाभर साठवू नका. आणि एक खूण सांगतो: बाटलीच्या बुचात सुई घातली की आतल्या पोकळीनं पाणी आपोआप खेचलं गेलं पाहिजे. नाही खेचलं तर बाटलीत हवा शिरली आहे. ती बाटली बाजूला.

सातव्या दिवसाचे थेंब. एकट्या पोरानं पाऊण तासात २००० पिल्लं? मिनिटाला चव्वेचाळीसच्या वर होतात हो! त्यात पकडणं, थेंब सोडणं, तो आत मुरू देणं आणि खाली ठेवणं कसं बसवलं त्यानं, हे मला कळलेलं नाही. थेंब डोळ्यात पडल्यावर पिल्लानं पापणी मिटली आणि थेंब आत गेला की मगच सोडायचं. लगेच फेकलं तर ते डोकं झटकतं आणि लस तुसात. तीन-चार माणसं लावा. पहाटे किंवा संध्याकाळी, गार असताना. पत्र्याच्या नाहीतर पुठ्ठ्याच्या आडव्यानं शेडचे दोन भाग करा, झालेली पलीकडं सोडत चला, म्हणजे एकालाच दोनदा आणि दुसऱ्याला शून्य असं होत नाही. लसीबरोबर मिळणारं द्रावणच वापरायचं, तेही आधी गार केलेलं. एका वेळी एकच हजाराची बाटली कालवा, तासाभरात संपवा, मग दुसरी. ड्रॉपर उभा धरायचा, आडवा धरला की थेंबाचा आकार बदलतो. त्याचं टोक डोळ्याला टेकवायचं नाही. हे थेंबाचं काम कष्टाचं आहे, पण पहिली लासोटा पाण्यातून न देता थेंबानंच द्या असं माझं ठाम मत आहे. डोळ्यातून, नाकातून गेलेली लस श्वासाच्या वाटेवरच पहारा बसवते आणि रोग बहुतेक वेळा त्याच वाटेनं येतो. तुमच्या हाताला लागलेली लस डोळ्याला लावू नका. माणसाचा डोळा दोन-चार दिवस लाल होऊ शकतो. काम झालं की साबणानं हात धुवा आणि रिकाम्या बाटल्या उकिरड्यावर न टाकता उकळून मग पुरा.

पाण्यातल्या लसीला आदल्या दिवशी एक रंगीत तालीम करा, लस न घालता नुसत्या पाण्याची. सकाळी सहाला मोजून पाणी ओता आणि दोन तासांत किती संपलं ते बघा. तेवढंच पाणी दुसऱ्या दिवशी लसीला घ्यायचं. ढोबळ हिशेब असा की पिल्लांचं वय जितके दिवस, हजार पिल्लांमागं तितके लिटर. चौदाव्या दिवशी २००० पिल्लांना २८ लिटर, एकविसाव्याला ४२. सोलापूरच्या उन्हाळ्यात थोडं वाढवावं लागतं, म्हणून तर तालीम. पाचशे लिटरच्या टाकीकडं त्या दिवशी बघायचंसुद्धा नाही.

पाणी विहिरीचं किंवा बोअरचं, टीसीएल नसलेलं. पंचायतीचंच घ्यायची वेळ आली तर आधीच भरून दोन दिवस उघडं ठेवा. पाणी शुद्ध करायची जी काही औषधं तुम्ही घालत असाल ती लसीच्या आधी ४८ तास आणि नंतर २४ तास बंद. ड्रिंकर, म्हणजे पिल्लांची पाण्याची भांडी, नुसत्या पाण्यानं घासायचे, त्या दिवशी निरमा नको, ब्लीचिंग नको. कालवायला प्लॅस्टिकची बादली, लोखंडी-पत्र्याची नाही. पाण्यात आधी साय काढलेल्या दुधाची पावडर घालायची, लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ४२ लिटरला साधारण १०५ ग्रॅम. ती उरलेल्या क्लोरीनला बांधून टाकते. पंधरा-वीस मिनिटं थांबून मग लसीची बाटली बादलीतल्या पाण्यात बुडवूनच उघडायची. पाणी कोमट वाटलं तर स्वच्छ बोअरच्या पाण्याचा बर्फ करून आधीच घाला. दुकानात निळ्या रंगाच्या गोळ्या मिळतात, त्याही क्लोरीन मारतात आणि वर पाणी निळं करतात. त्या निळ्याचा उपयोग पुढं सांगतो.

लस द्यायच्या आधी पिल्लांना तहान लागायला हवी. थंडीत दोन तास पाणी बंद ठेवतात, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये तासभर पुष्कळ झालं, तेही पहाटे पाचला. दाणा चालू ठेवा, दाणा खाल्ला की तहान वाढते. ड्रिंकर वर बांधायचे, मग लसीचं पाणी सगळ्यांत भरायचं आणि सगळे एकदम खाली सोडायचे. तुमच्याकडं २००० कोंबड्यांना किती ड्रिंकर आहेत ते लिहिलं नाहीत, पण निदान दोन-तृतीयांश पिल्लांना एका वेळी चोच घालायला जागा मिळाली पाहिजे. कमी पडत असतील तर त्या दिवसापुरती ताटं, पराती काय मिळेल ते लावा. नाहीतर दांडगी पिल्लं पोटभर पितात आणि कोपऱ्यातली दुबळी तशीच राहतात, आणि मर सुरू होते ती त्या कोपऱ्यातून. तुम्ही आणि सासूबाई शेडमध्ये हळूहळू फेऱ्या मारा, बसलेल्यांना उठवा. तास-दीड तासात पाणी संपलं पाहिजे. अर्ध्या तासात फडशा पडला तर पाणी कमी घेतलं, तीन तास राहिलं तर जास्त.

कोणत्या दिवशी कुठली, हे तुम्ही धरलेलं वेळापत्रक ढोबळ मानानं बरोबरच आहे: पाच ते सात दिवसांत लासोटा, बारा ते चौदाला गंबोरो, एकवीसच्या आसपास लासोटाची उजळणी. पण गंबोरोच्या दिवसात एक खुबी आहे. पिल्लू अंड्यातून येतानाच आईकडून थोडी शिदोरी घेऊन येतं, रक्तातली प्रतिकारद्रव्यं. ब्रॉयलरमध्ये ती दर तीन-एक दिवसांनी निम्मी होत जातात. शिदोरी भरलेली असताना लस दिली तर आईची द्रव्यं लसीलाच खाऊन टाकतात. शिदोरी संपून गेल्यावर दिली तर तोवर रानटी विषाणू शिरलेला असतो. या दोन्हींच्या मधली फट पकडायची असते. म्हणून हॅचरीला विचारा की आईकोंबड्यांना गंबोरोची लस कधी आणि कुठली दिली होती. तुमच्या शेडला एकदा गंबोरो येऊन गेला असेल तर नेहमीच्या लसीपेक्षा जरा जोरकस लस लागू शकते, शिवाय दुसरा डोसही. तो निर्णय मी इथून पत्रातून देणार नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन, तुमची वही दाखवून ठरवा.

दुकानदाराचं ऐकू नका, निदान या बाबतीत. मेलेल्या लसीचा डबल डोस म्हणजे शून्याची दुप्पट. आणि आर-टू-बी ही मुक्तेश्वरची जुनी, कडक लस. ती सहा-आठ आठवड्यांच्या पुढच्या कोंबडीला, आधी लासोटा किंवा तिच्यासारखीच सौम्य एफ-वन लस झालेली असेल तर टोचायची. तुमची ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत बाजारात जाते. तिला ही टोचाल तर रोग आवरायच्या ऐवजी तुम्हीच तिला आजारी पाडाल. हां, सासूबाईंच्या अंगणात गावरान कोंबड्या असतील, आणि त्या असणारच, तर त्यांना ती लस योग्य आहे. त्यांना लस द्याच. शेडला कितीही जपलं आणि दारात बिनलसीच्या दहा कोंबड्या फिरत राहिल्या तर काय उपयोग? पुण्यात औंधला शासनाची पशुवैद्यकीय जैव पदार्थ संस्था राणीखेतच्या लसी बनवते, दवाखान्यात चौकशी करा.

अँटिबायोटिकबद्दल थोडक्यात. विषाणूवर ते चालत नाही. मागून येणाऱ्या जंतूंसाठी डॉक्टर कधी देतात, पण ते डॉक्टरनं ठरवायचं. ते पैसे तुम्ही शवविच्छेदनावर घालवायला हवे होते. पुढं कधी दोन-चार कोंबड्या एकदम मेल्या तर नुकतीच मेलेली, शिळी नव्हे, दुहेरी पिशवीत बर्फावर घालून दवाखान्यात न्या. मांडीच्या मांसात रक्ताच्या रेघा आणि सुजलेली ती फॅब्रिशियसची पिशवी दिसली की गंबोरो, पोटाच्या ग्रंथींवर रक्ताचे ठिपके दिसले की मानमोडीचा संशय, डॉक्टर अर्ध्या तासात सांगतात. गरज पडली तर नमुना पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडं जातो. एका रात्रीत पन्नास-शंभर पडल्या तर मात्र कोंबडी हलवायची नाही, फाडायची नाही, थेट दवाखान्याला फोन. बर्ड फ्लू आणि कडक मानमोडी वरून सारखेच दिसतात. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं बघितलंय काय होतं ते. कळवणं कायद्यानंही बंधनकारक आहे.

आता गटारीचं. तुमची घाई मला कळते. गटारीला भाव चढतो आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की महिनाभर पडतो. पण गंबोरोचा विषाणू भलता चिवट आहे. रिकाम्या शेडमध्ये, तुसाच्या फटीत, तुसात राहणाऱ्या काळ्या किड्यांच्या अंगात तो महिनोन् महिने टिकतो. आठवड्याभरात नवी पिल्लं टाकलीत तर तुम्ही त्यांना विषाणूच्या पंगतीलाच बसवाल. जुनं तूस पूर्ण काढा आणि शेडपासून लांब न्या. दाराशी ढीग नको, शेजारच्या शेडच्या वाटेवरही नको. खरवडा, धुवा, वाळू द्या, मग जंतुनाशक, मग चुना. सगळं झाल्यावर निदान दोन आठवडे शेड कोरडं, रिकामं ठेवा. किड्यांची फवारणी शेड गरम असतानाच, तूस काढायच्या आधी करायला हवी होती, ती आता राहिली. पुढच्या बॅचला लक्षात ठेवा. मेलेल्या कोंबड्यांच्या खड्ड्यात चुना टाकून वर फूटभर माती पडली आहे ना, कुत्री उकरत नाहीत ना, तेही आजच बघून या. आणि व्यापाऱ्याचे क्रेट शेडच्या आत येऊ देऊ नका. तो दिवसभरात दहा शेड फिरतो, तुमच्याकडं काय घेऊन येईल सांगता येत नाही.

एवढं करून गटारी हुकली तर हुकू दे. श्रावणात निघेल अशी बॅच टाकण्यापेक्षा महिना थांबून, पिल्लं निम्मी करून, गणपतीनंतर निघेल असा हिशेब धरा. भाव थोडा इकडंतिकडं होईल. पण पुन्हा ४०० कोंबड्या पुरण्याची वेळ आली तर तुम्ही हा धंदा सोडाल, आणि दोन बॅच बऱ्या काढणाऱ्या बाईनं धंदा सोडावा असं मला वाटत नाही.

निळ्या पाण्याचं राहिलं. लस संपल्यावर शेडच्या चारी कोपऱ्यांतून आणि मधून मिळून १०० पिल्लं पकडा, चोच उघडून जीभ बघा. ज्या पिल्लाला लस पोचली असेल त्याची जीभ निळी. नव्वदच्या वर निळ्या निघाल्या तर त्या रात्री शांत झोपा. सासूबाईंना मोजायला बसवा, त्यांचा हिशेब तुमच्यापेक्षा पक्का असेल. किती निघाल्या ते मला पत्रानं कळवा.